कंदिलातली चौथी मिती

दिवाळीच्या आधी इंदूरच्या घरी आम्ही आकाशकंदील करत होतो. भाचीनं मधेच विचारलं, "मामा, चौथ्या मितीतला कंदील कसा दिसेल?"

"दिसणारच नाही," असं सांगून मी विषय संपवणार होतो. पण 'डोळ्यांसमोर येत नाही' म्हणूनच मी कॉलेजात गणित सोडलं होतं. तिचं तसं होऊ नये, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आमचा कंदील म्हणजे अष्टफलक: ८ त्रिकोण, १२ काड्या. प्रत्येक काडी ३४ सेंमी. तिचे २१ आणि १३ सेंमी असे भाग पाडणारी खूण केली. हे जवळपास सुवर्ण गुणोत्तर. एका त्रिकोणाभोवती फिरताना प्रत्येक काडीचा आधी लांब भाग यावा, मग आखूड. शेजारच्या त्रिकोणात फिरण्याची दिशा उलटी. मग प्रत्येक खूण तिच्या सर्वांत जवळच्या ५ खुणांना दोऱ्यानं जोडली. सगळे दोरे सुमारे १८.४ सेंमी भरले आणि कंदिलाच्या आत २० त्रिकोणांचा विंशतिफलक उभा राहिला. १२ काड्या, १२ खुणा, १२ कोपरे!

आता चौथी मिती. लांबी, रुंदी, उंची या तिन्हींना काटकोनात असलेली आणखी एक दिशा मानायची. तिथे २४ अष्टफलक जोडून एक बंद आकृती होते, तिला '२४-सेल' म्हणतात. तिची प्रत्येक कड ३ अष्टफलकांत सामाईक असते. भाचीनं हिशेब केला: २४ × १२ ÷ ३ = ९६ कडा. प्रत्येक कडेवर आपली तीच खूण केली की ९६ नवे कोपरे मिळतात. प्रत्येक अष्टफलकात एक, असे २४ विंशतिफलक तयार होतात. उरलेल्या फटींत १२० चतुष्फलक नेमके बसतात. हीच 'स्नब २४-सेल'.

थोरोल्ड गॉसेट या इंग्रज वकिलानं १९०० साली ती प्रसिद्ध केली. त्याच्याकडे अशील फारसे येत नसत, म्हणून तो असल्या आकृत्या शोधण्यात वेळ घालवी.

"पण मामा, हे खरं कशावरून?" भाचीचा प्रश्न रास्त होता. पडताळा घेतला. चतुष्फलकांचे त्रिकोण १२० × ४ = ४८०, विंशतिफलकांचे २४ × २० = ४८०. प्रत्येक त्रिकोण दोन घनांत सामाईक, म्हणून एकूण ४८०. कडा ४३२, घन १४४. चार मितींतल्या अशा आकृतीत कोपरे वजा कडा अधिक त्रिकोण वजा घन यांची बेरीज शून्य यावी लागते. तिनं मांडलं: ९६ − ४३२ + ४८० − १४४. उत्तर शून्य!

"म्हणजे दिसत नाही, पण मोजता येतं," ती म्हणाली. हे वाक्य मला कॉलेजात कुणी सांगायला हवं होतं.

यंदा तुमच्याही कंदिलात दोरा ओवून बघा. घरातल्या लहानांनी काही विचारलं, तर "दिसणारच नाही" एवढं मात्र म्हणू नका.