विकत घेतलेल्या यंत्राची मालकी

एखाद्या गृहस्थाने दाम मोजून घर घ्यावे आणि किल्ल्या मात्र बांधणाऱ्याच्याच कमरेला राहाव्यात, तर त्याला घरमालक म्हणावे काय? लाखभर रुपये देऊन घेतलेल्या लॅपटॉपविषयी आम्हांला हाच प्रश्न पडतो.

कळफलक, पडदा, आवाज या सर्वांकडून काम करून घेणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. महागड्या यंत्रात ती पुष्कळदा कारखानदाराचीच असते. याउलट लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. तो कोणीही वाचावा, सुधारावा आणि दुसऱ्यास द्यावा.

नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपल कंपनीने स्वतःची एम-१ चिप बसविलेले मॅक संगणक आणले. न्यायाने बोलायचे तर, त्यांवर दुसरी सिस्टिम घालण्याची वाट कंपनीने बंद केली नाही. मात्र आतील भागांशी कोणत्या भाषेत बोलावे, हेही सांगितले नाही. दार उघडे, पण आत काळोख!

हेक्टर मार्टिन यांनी सुरू केलेल्या ‘आसाही लिनक्स’ने या काळोखात दिवा नेला. आसाही हे मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचे जपानी नाव. या मंडळींनी अ‍ॅपलची सिस्टिम आणि यंत्र यांच्यामध्ये आपला एक छोटा प्रोग्राम बसविला आणि त्यांच्यातील देवघेव टिपून घेतली. कृती न सांगणाऱ्या वैद्याच्या हाताकडे पाहून शिष्याने औषध शिकावे, तसाच हा प्रकार. मार्च २०२२ मध्ये पहिली चाचणी-आवृत्ती निघाली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘फेडोरा आसाही रीमिक्स’ आली. तेव्हाही बोटाच्या ठशाने कुलूप उघडण्याची सोय तीत नव्हती.

स्पीकरची गोष्ट तर फार बोधप्रद आहे. मॅकबुकच्या एवढ्याशा स्पीकरमधून भरदार आवाज निघतो, कारण आतील तारेचे वेटोळे किती तापले याचा हिशेब एक प्रोग्राम सतत ठेवतो आणि वेळीच आवाज उतरवितो. हा हिशेब नसेल तर स्पीकर जळण्याचा संभव. म्हणून तो स्वतः लिहून होईपर्यंत या मंडळींनी स्पीकर बंदच ठेवले. किल्ल्या हाती घेणाऱ्याने राखणही पत्करावी लागते, ती अशी.

मग हा खटाटोप कशासाठी? कारखानदार आज ना उद्या जुन्या यंत्राला नव्या सुधारणा देणे थांबवितो. यंत्र धडधाकट असूनही अडगळीत जाते. मोकळी सिस्टिम त्याचे आयुष्य वाढवू शकते.

ज्याचा धंदा एकाच लॅपटॉपवर चालतो त्याने घाई करू नये. इतरांनी आपल्या कागदपत्रांची प्रत काढून, मूळ सिस्टिम न पुसता तिच्या शेजारी लिनक्स बसवून पाहावी. आसाहीत तशी सोय आहे. पावती खिशात असणे ही खरेदी झाली; यंत्र आपल्या सांगण्याप्रमाणे चालू लागते तेव्हाच मालकी सुरू होते, असे आम्हांला वाटते.