शत्रूचे मूल : एग्लंटाइन जेब यांचे कार्य

युद्ध संपले म्हणजे वैर संपतेच असे नाही. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धातील तोफा थंडावल्या; परंतु दोस्त राष्ट्रांनी शत्रुराष्ट्रांची केलेली नाकेबंदी पुढेही कित्येक महिने चालू राहिली. व्हिएन्ना शहरात दूध मिळेना; मुलांची हाडे मुडदुसाने वाकू लागली. या मुलांना अन्न पाठवावे काय, असे विजयाच्या धुंदीत असलेल्या इंग्लंडात विचारणेही पुष्कळांना देशद्रोह वाटे. तो प्रश्न भर चौकात विचारणाऱ्या एका विदुषीचा परिचय श्रोत्यांना करून द्यावयाचा आहे.

एग्लंटाइन जेब यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील एका सुखवस्तू घराण्यात झाला. ऑक्सफर्ड येथे इतिहासाचे अध्ययन करून त्या शिक्षिका झाल्या. परंतु तो व्यवसाय त्यांना मानवला नाही. पुढे केंब्रिजमधील सामाजिक परिस्थितीची पाहणी करून १९०६ मध्ये त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९१३ मध्ये बाल्कन युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या लोकांसाठी मदत घेऊन त्या मॅसिडोनियात गेल्या. करुणेला माहितीची आणि हिशेबाची जोड हवी, ही त्यांची पुढील कार्यपद्धती या अनुभवांशी सुसंगतच होती.

एप्रिल १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या पत्रके वाटीत होत्या. त्यांवर उपासमारीने सुकलेल्या ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र होते. सरकारी परवानगीवाचून पत्रके वाटल्याबद्दल त्यांना अटक झाली. न्यायालयात त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. कायद्याच्या दृष्टीने गुन्हा सिद्ध झाला आणि ५ पौंड दंड झाला. परंतु खटला संपताच सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी दंडाइतकी रक्कम स्वतःच्या खिशातून काढून बाईंच्या हाती ठेवली. जेबबाईंनी ती बालकांच्या साहाय्यासाठी राखून ठेवली. १९ मे १९१९ रोजी अल्बर्ट हॉलमधील सभेत 'सेव्ह द चिल्ड्रन' या निधीची घोषणा झाली. या उपक्रमात त्यांची भगिनी डोरोथी बक्स्टन यांचा वाटा बरोबरीचा होता.

खरी कसोटी १९२१ मध्ये लागली. रशियात भीषण दुष्काळ पडला. बोल्शेव्हिकांच्या देशाला इंग्रजांचा पैसा का द्यावा, असा गदारोळ काही वृत्तपत्रांनी केला. जेबबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी वृत्तपत्रांत मोठमोठ्या जाहिराती दिल्या, दुष्काळाचे चित्रपट दाखविले आणि 'टॉर्चेलो' नावाच्या जहाजातून ६०० टन सामग्री रवाना केली. सारातोव्ह प्रांतात मुलांसाठी अन्नकेंद्रे उघडली.

तथापि निधी आटला की अन्न थांबते, हे त्या जाणून होत्या. म्हणून जे दानावर अवलंबून होते, ते हक्काच्या पायावर उभे करावे असे त्यांनी ठरविले. १९२३ मध्ये त्यांच्या प्रेरणेने बालहक्कांचा अवघ्या पाच कलमांचा जाहीरनामा तयार झाला. भुकेल्या मुलाला अन्न मिळावे, आजाऱ्याची शुश्रूषा व्हावी, संकटात प्रथम साहाय्य मुलाला मिळावे, असा त्याचा आशय होता. १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. त्यात कोणाचे मूल, हा प्रश्नच शिल्लक ठेवलेला नव्हता.

१७ डिसेंबर १९२८ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, जेबबाई जिनीव्हा येथे निवर्तल्या. त्यांचा विचार मात्र पुढे वाढत गेला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९५९ मध्ये बालहक्कांचा विस्तृत जाहीरनामा व १९८९ मध्ये बंधनकारक करार संमत केला. भारताने १९९२ मध्ये त्याला मान्यता दिली.

करार झाले, म्हणून वेढ्यात सापडलेल्या शहरांतील मुले उपाशी राहण्याचे थांबले, असे म्हणवत नाही. परंतु १९१९ मध्ये त्यांना अन्न देणे ही कोणाची तरी कृपा होती. आज ते नाकारणे हा नियमभंग ठरतो. एका बाईने दंड सोसून घडविण्यास आरंभ केलेला हा फरक लहान म्हणता येणार नाही.