स्कूटरचा व्हेरिएटर आणि चढावरील प्रवेग

शिमल्याच्या एखाद्या उभ्या रस्त्यावर दोन माणसांना घेऊन निघालेली विनागीअरची स्कूटर पाहिली म्हणजे एक गोष्ट चटकन लक्षात येते. चालकाने मूठ पूर्ण पिळलेली असते, एंजिन घरघरत असते. परंतु गाडीचा वेग वाढत नाही, आणि एंजिनाचा आवाजही वाढत नाही. दोन्ही जणू एकाच जागी खिळून राहतात. हीच स्कूटर कालक्याच्या सपाट रस्त्यावर समाधानकारक चाललेली असते. मग कोणी जाणकार सुचवितो की व्हेरिएटर बदलावा किंवा निदान त्यातील रोलर तरी हलके घालावेत, म्हणजे 'पिकअप' येईल. ज्यास कारागीर पिकअप म्हणतो त्यास पदार्थविज्ञानात प्रवेग म्हणतात. हा सल्ला कधी अगदी बरोबर असतो, कधी निरुपयोगी असतो, आणि कधी तर नुकसानकारकही ठरतो. यांतील भेद ओळखावयाचा तर त्या लहानशा यंत्रात काय घडते हे पाहिले पाहिजे.

पट्ट्याच्या साहाय्याने गुणोत्तर सतत बदलत ठेवण्याची कल्पना नवी नाही. हॉलंडमधील हुब व्हान डोर्ने यांच्या डाफ कंपनीने १९५८ साली अशा रचनेची मोटार अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली. त्या मोटारीत मागे जाण्यासाठी केवळ फिरण्याची दिशा उलटत असे, गुणोत्तरांचा पल्ला तोच राही. त्यामुळे ती पुढे जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके, आणि हॉलंडमध्ये पुढे त्या गाड्यांच्या उलट्या शर्यतीही लागल्या! भारतात ही योजना घराघरांत पोचली ती १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरमुळे. पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांच्या भागीदारीतील ही स्कूटर मध्य प्रदेशात पीथमपूर येथे तयार होई. तोपर्यंत भारतीय स्कूटर म्हणजे डाव्या मुठीने गीअर बदलण्याचे वाहन असे समीकरण होते. २००१ साली अॅक्टिव्हा आल्यानंतर ते पुरते उलटले, आणि आज देशातील पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक सर्व स्कूटरांत पट्ट्याचीच योजना असते.

या योजनेत दोन कप्प्या असतात. पुढील कप्पी एंजिनाच्या भुजादंडावर बसविलेली असते. तिलाच व्हेरिएटर म्हणतात. मागील कप्पी क्लचमार्फत व काही दंतचक्रांमार्फत मागच्या चाकास फिरविते. प्रत्येक कप्पी दोन उतरत्या तबकड्यांची बनलेली असते. त्यांतील एक तबकडी स्थिर, तर दुसरी आसावर सरकणारी. दोहोंमध्ये पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा बसतो. तबकड्या जवळ आल्या की पट्टा वर, म्हणजे परिघाकडे चढतो. दूर गेल्या की तो आसाकडे खाली उतरतो. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे तो पुढे वर चढला की मागे खाली उतरलाच पाहिजे. गाडी सुटताना पुढे लहान वर्तुळ व मागे मोठे वर्तुळ असते. तेव्हा मागील कप्पीच्या एका फेऱ्यास एंजिनाचे सुमारे अडीच फेरे पडतात. वेग वाढला म्हणजे हे प्रमाण उलटते आणि मागील कप्पी एंजिनाहूनही काहीशी जलद फिरू लागते.

पुढील तबकडी कोण सरकवितो? सरकत्या तबकडीच्या पाठीमागे उतरत्या खोबणी असतात व त्यांत बहुधा सहा रोलर असतात. हे रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढे, आत धातू व बाहेर प्लास्टिकचे वेष्टन असलेले लहान दंडगोल. एंजिन फिरू लागले की केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे ते परिघाकडे पळू पाहतात आणि खोबणीच्या उतारावर चढताना तबकडीस पट्ट्याकडे ढकलतात. ही प्रेरणा किती असते याची कल्पना सहसा येत नाही. १२ ग्रॅम वजनाचा रोलर आसापासून ४ सेंटिमीटर अंतरावर असून एंजिन मिनिटास ५,००० फेरे करीत असेल, तर त्यावरील केंद्रोत्सारी प्रेरणा १३ किलोग्रॅम भाराहून अधिक भरते. म्हणजे रोलर स्वतःच्या वजनाच्या अकराशे पट जोराने बाहेर रेटला जातो. सहा रोलरांचा एकत्रित रेटा सुमारे ८० किलोग्रॅम भार होतो, एका धडधाकट माणसाच्या वजनाएवढा!

या रेट्यास मागील कप्पी विरोध करते. तेथे एक जाड स्प्रिंग तबकड्यांना एकमेकींकडे दाबीत असते. शिवाय तेथील सरकत्या तबकडीस तिरप्या खाचा असतात. चढ लागून चाकावरील भार वाढला की त्या खाचांमुळे तबकडी किंचित वळून पट्ट्यास अधिक घट्ट धरते, त्याला मागे वर चढविते आणि गाडीस आपोआप 'खालचा गीअर' मिळतो. मूठ एकदम पिळली असता एंजिनाचा आवाज उंचावतो त्यातही या खाचांचा मोठा हात असतो.

पुढचा रेटा व मागचा विरोध यांचा तोल जेथे साधतो तेथे पट्टा स्थिरावतो. यातून एक महत्त्वाचा परिणाम निघतो. मूठ पूर्ण उघडून गाडी मधल्या वेगात असताना एंजिनाचे फेरे जवळजवळ कायम राहतात. वाढतो तो केवळ गाडीचा वेग. हे कायम फेरे कोणते असावेत हे मुख्यतः रोलरांच्या वजनावर ठरते. प्रेरणा वजनाच्या प्रमाणात, परंतु फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १२ ग्रॅमच्या ऐवजी १० ग्रॅमचे रोलर घातले, तर तोच तोल साधण्यासाठी एंजिनास ५,००० ऐवजी सुमारे ५,५०० फेरे करावे लागतील. वजन सहाव्या हिश्शाने घटविले, फेरे मात्र दहाव्या हिश्शानेच वाढले. रोलर हलके करून एंजिनाची शक्ती तिळमात्र वाढत नाही. एंजिनास फक्त अधिक फेऱ्यांवर, म्हणजे जेथे ते अधिक शक्ती देते तेथे, काम करावयास लावले जाते. विकणारा हे क्वचितच सांगतो.

आता शिमल्याच्या चढाकडे वळू. ११० घन सेंटिमीटर वर्गातील स्कूटरच्या एंजिनाची महत्तम शक्ती पावणेआठ अश्वशक्तीच्या आसपास असते आणि ती मिळते मिनिटास ८,००० फेऱ्यांच्या सुमारास. ५,००० फेऱ्यांवर हे एंजिन सहा अश्वशक्तीहून थोडी अधिक शक्ती देते. परंतु हे आकडे समुद्रसपाटीचे. शिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवेची घनता एक-पंचमांशाने कमी असते. नव्या गाड्यांतील इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेट्रोलचे प्रमाण विरळ हवेनुसार जुळवून घेते. पण जी हवाच सिलिंडरमध्ये आली नाही ती कोठून आणणार? सहाऐवजी पाचच अश्वशक्ती हाती लागते. महाबळेश्वरास हा तोटा आठव्या हिश्शाच्या आसपास राहतो, तर उदकमंडलमला शिमल्याइतकाच होतो.

या पाच अश्वशक्तींतून पट्टा व दंतचक्रे यांत एक-पंचमांश खर्ची पडते असे धरले, तर चाकापाशी पोचते चार. दोन माणसांसह स्कूटरचे वजन २४० किलोग्रॅम मानावे, चढ सहास एक मानावा आणि वेग ताशी २५ किलोमीटर. ढोबळ हिशेबाने एवढ्या कामासच चार अश्वशक्तीहून किंचित अधिक लागते. चाकापाशी चारच, म्हणजे प्रवेगासाठी काहीच शिल्लक राहत नाही, उलट वेग हळूहळू घटतो. समोरून बस आली आणि स्कूटर तिला वाट देण्यासाठी थांबली, तर पुन्हा वेग धरताना चालकाची जी तारांबळ उडते तिचे मूळ या हिशेबात आहे. रोलर हलके करून तेच एंजिन ५,५०० फेऱ्यांवर आणले तर चाकापाशी सुमारे ४.४ अश्वशक्ती पोचते. वाढ केवळ ०.४ अश्वशक्तीची; परंतु जेथे शिल्लक शून्य होती तेथे ही सर्व वाढ प्रवेगास मिळते. सपाट प्रदेशात हीच दुरुस्ती केली असता फरक इतका जाणवत नाही, कारण तेथे शिल्लक मुळातच पुरेशी असते.

याच तर्काने अतिरेकाचे तोटेही कळतात. रोलर फारच हलके केले, तर ते खोबणीच्या टोकापर्यंत पोचण्यापूर्वीच एंजिन आपल्या महत्तम फेऱ्यांस पोचते. पट्टा पुढील कप्पीच्या कडेपर्यंत चढत नाही आणि गाडीचा कमाल वेग घटतो. सपाट रस्त्यावर सावकाश जातानाही एंजिन विनाकारण अधिक फिरत राहते, घर्षणात अधिक शक्ती वाया जाते व पेट्रोल अधिक लागते. दिवसभर शहरात घरोघर माल पोचविणाऱ्या चालकाची कमाई लिटरमागे किती किलोमीटर मिळतात यावर अवलंबून असते. त्याने दोन-तीन ग्रॅमच्या मोहापायी हा सौदा करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आणखी एक गफलत नेहमी होते. गाडी सुटण्याच्या क्षणी क्लच केव्हा पकडतो हे क्लचच्या लहान स्प्रिंगांवर अवलंबून असते, रोलरांवर नव्हे. मागील कप्पीची मोठी स्प्रिंग अधिक ताठ घातली तरीही एंजिनाचे फेरे वाढतात, परंतु त्याबरोबर पट्ट्यावरील दाब व उष्णताही वाढते. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलून टाकणाऱ्यास कशामुळे काय झाले ते कधीच समजत नाही. मालोसीसारख्या इटालियन कंपन्यांचे संपूर्ण व्हेरिएटर मिळतात. त्यांत खोबणीचा उतार निराळा असतो व कधी पट्ट्यास अधिक वर चढावयास जागा मिळते. गोल रोलरांऐवजी न गडगडता सरकणारे तुकडेही मिळतात. परंतु शर्यतीत न उतरणाऱ्या स्कूटरला बहुधा मूळच्या व्हेरिएटरात योग्य वजनाचे रोलर पुरतात.

खरे तर जुन्या स्कूटरचा प्रवेग मंदावला असेल तर प्रथम रोलर हलके करण्याचा विचारच करू नये. आवरण उघडून पाहिले असता बहुतेक वेळा रोलर एका बाजूने चपटे झालेले आढळतात. चपटा रोलर खोबणीत गडगडत नाही, अडखळतो. तबकडी वेळेवर सरकत नाही. पट्टाही झिजून अरुंद झालेला असतो, आणि अरुंद पट्टा दोन्ही कप्प्यांत ठरलेल्या वर्तुळाहून खाली बसतो. व्हर्निअरने रोलरचा व्यास व पट्ट्याची रुंदी मोजून निर्मात्याने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावी. मूळ वजनाचे नवे रोलर व नवा पट्टा घातल्यावर पुष्कळ चालकांना गाडी 'सुधारल्या'सारखी वाटते. वास्तविक ती फक्त पूर्ववत झालेली असते.

हे सर्व करूनही चढावर उणीव भासत असेल तर मूळ वजनापासून एकेका ग्रॅमने खाली यावे. सहाही रोलर एकाच वजनाचे असावेत. दोन वजने घालावयाची असतील तर जड व हलके एकाआड एक यावेत, नाहीतर कंप उत्पन्न होतो. प्रत्येक बदलानंतर तोच चढ, तेच ओझे व तोच रस्ता घेऊन घड्याळ लावावे. एंजिनाचे फेरे दाखविणारे उपकरण बहुतेक स्कूटरांत नसते. त्यामुळे कान फसवितो, कारण मोठा आवाज म्हणजे मोठा वेग असे मनास वाटत राहते. पट्टा कोठवर चढतो हे जाणण्यास एक सोपी युक्ती आहे. पुढील स्थिर तबकडीच्या उतारावर आतून बाहेर शाईच्या चार रेघा ओढाव्या व सपाट रस्त्यावर पूर्ण वेगाने एक फेरी मारून यावे. रेघा जेथवर पुसल्या गेल्या तेथवर पट्टा चढला. कडेच्या बऱ्याच अलीकडे पुसट थांबली असेल तर रोलर गरजेपेक्षा हलके झाले आहेत.

जुळणी करताना पट्ट्यास व तबकड्यांना वंगणाचा थेंबही लागू देऊ नये. भुजादंडावरील नट निर्मात्याने सांगितलेल्या मापानेच, म्हणजे मोजमाप दाखविणाऱ्या पान्याने, आवळावा. पट्टा तबकड्यांमध्ये चिमटलेला असतानाच नट आवळला तर तो घट्ट वाटतो, पण चालू लागताच सैल पडतो आणि मग भुजादंडाच्या खाचाच खराब होतात. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर असा बदल केल्याने हमी नाकारली जाऊ शकते, हेही आधी विचारून घ्यावे. उतारावर मात्र एक लाभ पदरात पडतो. हलक्या रोलरांमुळे पट्टा खालच्या गुणोत्तरात राहतो व एंजिनाचा रोध किंचित अधिक मिळतो. तथापि फेरे फारच उतरले की क्लच सुटतो आणि तो रोधही नाहीसा होतो. तेव्हा ब्रेकवरचा भार काही टळत नाही.

काढलेले जुने रोलर चांगले असतील तर टाकू नयेत. डबीत त्यांच्या वजनाची चिठ्ठी घालून ठेवावे. स्कूटर पुन्हा कालक्यास, चंदीगढास किंवा दिल्लीस कायमची उतरली, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या कामात तेच परत बसविता येतात.