मोजून केलेलें साहस

'विमान' हा शब्द आपल्या भाषेस नवा नाहीं. पुष्पक विमानाची कथा घरोघरच्या मुलांस ठाऊक असते. परंतु ह्या शब्दाच्या पोटांत कोणता धातु आहे, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. 'वि' हा उपसर्ग आणि 'मा' म्हणजे मोजणें हा धातु, ह्यांपासून 'विमान' शब्द सिद्ध होतो. अंतरिक्ष मोजीत जातें तें विमान, असा अर्थ त्यांतून सहज निघतो. दुसरा शब्द 'हेलिकॉप्टर'. हा आपण 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडतों. पण खरा विग्रह निराळा आहे. ग्रीक भाषेंत 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. ज्याचा पंख मळसूत्रासारखा फिरतो, तें हेलिकॉप्टर. हें 'प्टेरॉन' आणि संस्कृतांतील 'पत्' धातु एकाच कुळांतले होत. म्हणजे ज्या यंत्रास आपण सर्वस्वीं परकें समजतों, त्याच्या नांवांत आपलेंच एक दूरचें भावंड बसलेलें आहे.

शब्दांची ही फोड आम्हीं पांडित्य मिरविण्याकरितां केलेली नाहीं. ज्यांनीं आपलें तारुण्य हेलिकॉप्टरांत घालविलें, अशा तीन निवृत्त सैनिकांशीं आमचें मध्यंतरीं संभाषण झालें, आणि त्या संभाषणाचें सार 'मोजणें' ह्या एकाच क्रियेंत सांठविलेलें आहे असें आम्हांस वाटलें. तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

बंगळूरनजीक येलहंका येथें वायुदलाचें ठाणें आहे. तेथें १९९६ सालापासून 'एरो इंडिया' नांवाचें विमानांचें मोठें प्रदर्शन बहुतकरून दर दोन वर्षांनीं भरत आलें आहे. त्याची पंधरावी खेप २०२५ सालच्या फेब्रुवारींत १० ते १४ तारखांस झाली. पहिले तीन दिवस व्यापारी व सरकारी मंडळींचे. शेवटचे दोन सामान्य जनांचे. त्या दोहोंपैकीं एके दिवशीं आम्ही तेथें गेलों होतों. अमेरिकेचें 'एफ-३५' आणि रशियाचें 'सु-५७' हीं दोन प्रतिस्पर्धी लढाऊ विमानें ह्या खेपेस एकाच प्रदर्शनांत आलीं होतीं. साहजिकच गर्दी त्यांच्याभोंवतीं. जें वेगानें जातें आणि मोठ्यानें गर्जतें, त्याकडे डोळे आपोआप वळतात.

हेलिकॉप्टरांच्या चाहत्यांची मात्र थोडी निराशा झाली. वायुदलाचें 'सारंग' नांवाचें एक पथक आहे. सारंग म्हणजे मोर. आपल्या देशांत बनलेलीं 'ध्रुव' जातीचीं हेलिकॉप्टरें मोराप्रमाणें रंगवून हें पथक आकाशांत नृत्य करून दाखवितें. ह्या खेपेस तें आलें नाहीं. ५ जानेवारी २०२५ रोजीं पोरबंदर येथें तटरक्षक दलाचें एक ध्रुव कोसळून तिघांचा अंत झाला होता, आणि कारणाचा छडा लागेपर्यंत ह्या जातीचीं सर्व हेलिकॉप्टरें जमिनीवर ठेवण्यांत आलीं होतीं. पुढें त्यांस टप्प्याटप्प्यानें परवानगी मिळाली. परंतु त्या दिवशीं लोक हळहळत होते. आमच्या शेजारीं एका मंडपाच्या सावलींत बसलेले एक वृद्ध गृहस्थ तेवढे म्हणाले, "नाचलें नाहीं तेंच बरें. शंका असतां न उडणें, हेंहि उडण्याच्याच विद्येंत येतें." ह्या एका वाक्यावरून आमचें बोलणें सुरू झालें.

ते तिघे होते. हें बोलणारे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, वायुदलांतील जुने वैमानिक. दुसरे साठी उलटलेले, लष्कराच्या स्वतःच्या विमानशाखेंतले. तिसरे त्या मानानें तरुण, सातारा जिल्ह्यांतले, वायुदलांत फ्लाइट इंजिनिअर म्हणून काम केलेले. ह्या तिसऱ्यांनीं आमच्या काळ्या टोपीवरूनच आमचा व्यवसाय ताडला आणि "या गुरुजी, बसा" म्हणून खुर्ची पुढें केली. तिघांसहि थोडें कमी ऐकूं येतें. वर्षानुवर्षें इंजिनाच्या घरघरीखालीं बसण्याचा हा परिणाम. आम्हांस वर्गांत बोलण्याची संवय असल्यामुळें त्याची अडचण पडली नाहीं.

भारतीय वायुदलांत हेलिकॉप्टर प्रथम आलें तें १९५४ सालीं. त्यानंतर सतराच वर्षांनीं त्याच्यावर एका युद्धाची मदार पडली. १९७१ च्या डिसेंबरांत आपलें सैन्य पूर्व बंगालांत मेघना नदीच्या पूर्वतीरापाशीं येऊन ठेपलें होतें. डाक्का नदीच्या पलीकडे. आशुगंजचा रेल्वेचा मोठा पूल शत्रूनें मागें हटतांना उडवून दिलेला. चौथ्या कोअरचे सेनापति लेफ्टनंट जनरल सगतसिंग ह्यांनीं पुलाची वाट न पाहतां सैनिक हवेंतूनच पलीकडे उतरविण्याचें ठरविलें, आणि वायुदलाच्या बाजूनें ग्रुप कॅप्टन चंदनसिंग ह्यांनीं तें सिद्धीस नेलें. त्यापूर्वीं ७ डिसेंबरला ह्याच रीतीनें गुरख्यांची एक पलटण सिल्हेटनजीक उतरविण्यांत आली होती. ९ डिसेंबरपासून ब्राह्मणबाडिया ते रायपुरा अशा 'मि-४' नांवाच्या रशियन हेलिकॉप्टरांच्या खेपा सुरू झाल्या. १६ डिसेंबरला डाक्का येथें शरणागति झाली. चंदनसिंगांस महावीरचक्र मिळालें. इतिहास एवढें सांगतो.

त्या खेपांत तरुण वैमानिक म्हणून असलेले हे गृहस्थ आम्हांस म्हणाले, "नकाशावर बोट फिरविणें एका क्षणाचें काम. आमचें काम हिशेबाचें होतें. इतकीं माणसें, इतक्या बंदुका, इतकें पेट्रोल. नियमाहून अधिक माणसें घ्यावीं लागत. मग पेट्रोल तेवढें कमी भरावयाचें. अंतर थोडें म्हणून तें चाले. रात्रीं पलीकडे नुसता अंधार, आणि खालीं विजेऱ्यांचे कांहीं ठिपके. त्यांवर नेम धरून उतरावयाचें, माणसें बाहेर पडलीं कीं परत."

"भीति वाटत नसे?" आम्हीं विचारलें.

"वाटे तर! पण ती परत आल्यावर, चहाचा पेला हातांत घेतला म्हणजे. उडतांना डोकें हिशेबांत गुंतलेलें असे." थोडें थांबून ते म्हणाले, "माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा मित्र गेल्या वर्षीं गेला. ती रात्र त्याला माझ्यापेक्षां चांगली आठवत असे. आतां विचारावयाचें कोणाला?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. पुढील गोष्टी नीट उमजाव्या म्हणून येथें यंत्राविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. साध्या विमानाचा पंख स्थिर असतो आणि विमान पुढें धावतें म्हणून तो हवेवर तरतो. हेलिकॉप्टरांत पंखच फिरतो. त्यामुळें तें जागच्या जागीं उभें राहूं शकतें. वैमानिकाच्या डाव्या हातांतील दांडा पात्यांचा कोन बदलून यंत्र वर-खालीं नेतो. उजव्या हातांतील दांडा त्यास पुढें, मागें वा बाजूस कलवितो. आणि पायांखालच्या पट्ट्या शेपटीच्या लहान पंख्यावर ताबा ठेवतात. तो पंखा नसेल तर सगळें यंत्रच गरगर फिरूं लागेल. पायपेटी वाजविणाराचे हातपाय जसे एकाच वेळीं निरनिराळें काम करतात, तसेंच हें. फरक इतकाच कीं येथें सूर चुकल्यास मैफल पुन्हां भरत नाहीं.

इंजिन बंद पडल्यास हेलिकॉप्टर धोंड्याप्रमाणें खालीं येतें, असा समज आहे. तो खरा नव्हे. माधवीलतेचें तीन पंखांचें फळ वेलीवरून सुटलें म्हणजे गरगरत सावकाश उतरतें, हें अनेकांनीं पाहिलें असेल. वैमानिकानें डावा दांडा तत्काळ खालीं नेला तर खालून येणारी हवा पात्यांस फिरवीत ठेवते, आणि हेलिकॉप्टर त्या फळासारखें उतरूं लागतें. जमीन जवळ येतांच दांडा वर ओढून पात्यांत सांठविलेली गति खर्च करावयाची आणि हलकेंच टेंकावयाचें. ही पुंजी एकदांच खर्चितां येते. क्षणभर आधीं नाहीं, क्षणभर नंतर नाहीं. आपल्याकडे 'चीता' म्हणून ओळखलें जाणारें हेलिकॉप्टर मूळचें फ्रान्समधील 'लामा'. २१ जून १९७२ रोजीं झां बूले ह्या फ्रेंच वैमानिकानें तें १२,४४२ मीटर उंचीवर नेलें. तेथें इंजिन विझलें, आणि तो केवळ ह्याच युक्तीनें सुखरूप भुईवर आला.

हाच चीता सियाचीनच्या हिमनदीवरील आपल्या ठाण्यांचा आधार झाला. १३ एप्रिल १९८४ रोजीं तेथें सुरू झालेल्या मोहिमेस 'मेघदूत' हें नांव देण्यांत आलें होतें. यक्षाचा निरोप नेणाऱ्या मेघाचें नांव, जेथें निरोप, औषध आणि रॉकेल हीं सारीं आकाशमार्गेंच जातात अशा जागीं शोभतेंच. दुसरे गृहस्थ तेथें चीता चालवीत असत. पुढें नाशिकच्या गांधीनगर येथील लष्करी विमानविद्यालयांत त्यांनीं शिकविलेंहि. ते म्हणाले, "अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्यावर येतो. पात्यांना रेटावयास हवाच नाहीं. वीस लिटरचा एक डबा घ्यावा कीं न घ्यावा, ह्याचा विचार करावा लागे. वर उतरल्यावर इंजिन बंद करीत नसूं. पुन्हां सुरू होईल ह्याचा भरंवसा काय?"

त्यांनीं एक प्रसंग सांगितला. वरच्या एका ठाण्यावर दोन जवान आजारी होते. हिशेबाप्रमाणें एकच नेतां येत होता. "अधिक आजारी असलेल्याला घेतलें. दुसऱ्याला म्हणालों, तासाभरांत येतों. इतक्यांत ढग आले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गेलों."

आम्हीं श्वास रोखून विचारलें, "मग?"

"होता. पण माझ्यावर फार रागावला होता." हें सांगतांना ते हंसले, मात्र ती रात्र त्यांनीं कशी काढिली असेल, हें त्या हंसण्यावरून कळत होतें.

तिसऱ्या गृहस्थांची गोष्ट २०१३ सालची. त्या वर्षीं जूनच्या मध्यावर केदारनाथ व आसपासच्या प्रदेशांत जलप्रलय होऊन हजारों यात्रेकरू अडकले, आणि त्यांस सोडविण्यास वायुदलानें 'राहत' नांवाची मोहीम काढिली. फ्लाइट इंजिनिअर म्हणजे यंत्राची नाडी पाहणारा. पण अशा वेळीं दारांत उभा राहून माणसें मोजणाराहि तोच. "वैमानिकाचें तोंड पुढें. मागें गर्दी किती रेटते आहे हें तो पाहूं शकत नाहीं. मी खांद्याला हात लावून मोजीत असें. हिशेब भरला कीं हात आडवा. समोर आई असो, मूल असो. त्या वेळीं लोक आम्हांला शिव्याहि देत. देऊं दे. एक माणूस जास्त घेऊन सगळींच दरींत गेलीं तर कोणाचें पुण्य?"

मग ते किंचित् खालच्या आवाजांत म्हणाले, "एक म्हातारी बोचकें सोडीना. आंत तिच्या नवऱ्याचे कपडे होते. तो पुरांत गेला होता. बोचकें असेल चार किलोचें. मी माझी पिशवी आणि पाण्याचा डबा खालीं ठेविला आणि बोचकें आंत घेतलें. नियम मोडला नाहीं, गुरुजी. वजन तेवढेंच राहिलें."

त्याच मोहिमेंत २५ जून रोजीं गौरीकुंडाजवळ एक 'मि-१७' कोसळून वीसजण मृत्युमुखीं पडले. त्यांत वायुदलाचे पांच होते. बाकीचे आपत्तिनिवारण दलाचे व तिबेट सीमा पोलिसांचे. इतरांस वांचविण्याकरितां निघालेले हे सारे लोक. त्याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

शौर्य म्हणजे देहभान विसरणें, अशी आपली समजूत असते. आमच्या पिढीनें मुलांस शिकविलेल्या धड्यांतहि बहुधा तसेंच वर्णन असे. ह्या तिघांच्या बोलण्यांत मात्र भान विसरण्याची एकहि गोष्ट नव्हती. होती ती भान राखण्याची. किती नेतां येईल हें ठरविणें, आणि त्याहून कठीण म्हणजे किती नेतां येणार नाहीं हें तोंडावर सांगणें, ह्यांतच त्यांचें सारें धैर्य खर्ची पडलें. २०१९ सालीं कोल्हापूर-सांगलीच्या महापुरांत डोक्यावर घरघर ऐकून ज्यांच्या जिवांत जीव आला, अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत असतील. त्या घरघरीमागें असा एक हिशेब चाललेला असतो, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आपल्यासारख्या घरांतून मुलगा कोणत्या परीक्षेस बसतो आणि परदेशीं किती मिळवितो, ह्याची मोजदाद चोख असते. त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु ह्या दुसऱ्या विद्येसहि गणित लागतें, शिस्त लागते आणि शांत बुद्धि लागते. हे गुण आपल्या मुलांत नाहींत असें कोण म्हणेल? मुलींसहि हें दार आतां उघडें आहे. २०२२ सालच्या मे महिन्यांत कॅप्टन अभिलाषा बराक ह्यांनीं नाशिकच्या त्याच विद्यालयांतून उत्तीर्ण होऊन लष्कराच्या विमानशाखेंतील पहिली लढाऊ वैमानिक होण्याचा मान मिळविला.

शेवटीं एक विनंति. आपल्या घरांत, वाड्यांत वा आप्तांत कोणी वृद्ध सैनिक असेल, तर त्याच्याजवळ एक दुपार बसावें. किती शत्रू मारले, हें विचारूं नये. तुमच्या हातांत काय काम होतें, शेजारीं कोण होता, निघण्यापूर्वीं काय काय मोजून घेत होतां, असें विचारावें. बोलावें थोडें मोठ्यानें, आणि घरांतील एखाद्या मुलास वही देऊन तें सर्व तारीखवार लिहून घेण्यास सांगावें. १९७१ चे तरुण आज ऐंशीच्या घरांत आहेत. हें काम पुढल्या सुटीवर टाकूं नये.