चंदीगडचा बंदोबस्त: चार दशकांचा मागोवा

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने जेव्हा चंदीगडच्या राजधानी-संकुलाची आखणी केली, तेव्हा सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय या तीन वास्तूंच्या मधोमध केवळ पादचाऱ्यांसाठी एक विस्तीर्ण प्रांगण राखण्यात त्याचा हेतू असा होता की, कारभार, कायदा आणि न्याय ही राज्याची तिन्ही अंगे नागरिकाला एकाच दृष्टिक्षेपात दिसावीत आणि त्याला त्यांच्यामध्ये निर्वेधपणे वावरता यावे. आज त्या प्रांगणात काटेरी तारांची वेटोळी पडली आहेत, द्वारांवर सशस्त्र पहारे आहेत आणि जागतिक वारसा म्हणून 2016 साली गौरविली गेलेली ही वास्तू पाहायची तर ओळखपत्र दाखवून, वाटाड्याच्या मागून, ठरलेल्या वेळीच जावे लागते. या तारा एका दिवसात पडल्या नाहीत. त्यांच्यामागे चार दशकांचा इतिहास आहे.

त्याचा प्रारंभ 1983 च्या ऑक्टोबरमध्ये झाला. पंजाबातील दरबारासिंग यांचे मंत्रिमंडळ बरखास्त होऊन राष्ट्रपतींचा अंमल सुरू झाला आणि पाठोपाठ पंजाब व चंदीगड यांना अशांत क्षेत्र ठरवून लष्कराला विशेषाधिकार देणारे वटहुकूम निघाले; वर्ष संपण्यापूर्वी त्यांचे कायदे झाले. 1984 च्या जूनमध्ये सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाई झाली, 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची त्यांच्याच अंगरक्षकांकडून हत्या झाली, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी केंद्रीय गृहखात्याची सूत्रे मराठवाड्याच्या शंकरराव चव्हाणांकडे आली. पुढील मे महिन्यात ‘टाडा’ या नावाने ओळखला गेलेला दहशतवादविरोधी कायदा संमत झाला. दोन वर्षांच्या मुदतीचा म्हणून आलेला हा अपवादात्मक कायदा मुदतवाढ घेत घेत दहा वर्षे टिकला, आणि 1995 च्या मे महिन्यात मुदत सरून तो अखेर संपुष्टात आला तेव्हाही गृहमंत्री चव्हाणच होते. ज्या 1985 साली टाडा आला, त्याच साली चंदीगडात कॉर्बुझिएच्या संकल्पनेतील ‘खुला हात’ हे भव्य शिल्प उभे राहावे, हा योगायोग त्या काळाचे अंतर्द्वंद्व दाखविणारा आहे.

पंजाबातील दहशतवादाचा हा वणवा महाराष्ट्रापासून दूर राहिला, असे समजण्याचे कारण नाही. सुवर्णमंदिरातील कारवाईच्या वेळी लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झाले होते. 10 ऑगस्ट 1986 रोजी भर रस्त्यात मारेकऱ्यांनी त्यांच्या मोटारीवर गोळ्या झाडून त्यांचा प्राण घेतला. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो तेव्हा पंजाबचे पोलीस महासंचालक होते. त्याच वर्षीच्या 3 ऑक्टोबरला जालंधर येथे सशस्त्र पोलिसांच्या आवारात त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर पोलिसांचा गणवेश चढवून आत शिरले होते. अंगरक्षकाच्या गणवेशातील घाताचा अनुभव देशाने दोनच वर्षांपूर्वी घेतला होता. तरीही धोका बाहेरून येतो आणि खाकीच्या आत सर्व सुरक्षित असते, ही समजूत बंदोबस्ताच्या मुळाशी तशीच राहिली.

तिची किंमत 31 ऑगस्ट 1995 रोजी मोजावी लागली. अवघ्या 24 टक्के मतदानाच्या 1992 मधील निवडणुकीतून सत्तेवर आलेले आणि दहशतवादाचा मोड झाल्याचा निर्वाळा ज्यांच्या कारकीर्दीत दिला जात होता, ते पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग सायंकाळी सचिवालयातून बाहेर पडून आपल्या चिलखती मोटारीपाशी आले. पोलिसांच्या गणवेशातला एक तरुण जवळ सरकला; त्याच्या कमरेला स्फोटके बांधलेली होती. त्या स्फोटाने मुख्यमंत्र्यांसह 17 जणांचा बळी घेतला. मारेकरी दिलावरसिंग हा पंजाब पोलीस दलातलाच शिपाई होता, आणि तो अपयशी ठरला असता तर त्याची जागा घेण्यास सिद्ध असलेला बलवंतसिंग राजोआना हाही त्याच दलातला. मोटारीच्या चिलखताने, नाकेबंदीने आणि पहाऱ्याने जे थोपवायचे, ते त्या पहाऱ्याच्याच वेषात तेथवर पोचले होते.

पुढील तपास लक्षात ठेवण्याजोगा आहे. टाडाची मुदत तीन महिन्यांपूर्वीच सरली होती. सचिवालयाच्या आवारात बेवारस उभ्या राहिलेल्या एका अ‍ॅम्बॅसिडर मोटारीपासून आणि तिला नव्याने रंग देणाऱ्या कारागिराच्या माहितीपासून माग काढीत केंद्रीय अन्वेषण विभाग कटाच्या सूत्रधारांपर्यंत पोचला, आणि नेहमीच्याच दंडविधानाखाली 2007 साली आरोपींवर गुन्हे शाबीत झाले. अपवादात्मक कायद्यावाचून हे घडले. मात्र मधल्या काळात चंदीगडच्या बुडैल येथील तुरुंगातून, 2004 च्या जानेवारीत, सुमारे 90 फूट लांबीचे भुयार खणून या कटातील आरोपी जगतारसिंग हवारा आणि त्याचे साथीदार निसटले होते. एवढे लांब भुयार एका रात्रीत खणले जात नाही. त्याची माती कोठे जाते, हे कोणी विचारले नाही एवढाच त्याचा अर्थ. पळालेल्यांपैकी जगतारसिंग तारा पुन्हा हाती लागण्यास 2015 साल उजाडावे लागले, तेही थायलंडात.

याच्या दुसऱ्या बाजूची नोंदही करणे प्राप्त आहे. बेअंतसिंगांच्या हत्येला आठवडा होत नाही तोच, 6 सप्टेंबर 1995 रोजी, अमृतसर जिल्ह्यातील बेवारस ठरवून जाळलेल्या प्रेतांचा हिशोब काढणारे जसवंतसिंग खालरा यांना पोलिसांनीच घरापासून उचलून नेले, आणि ते परत आले नाहीत. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीत अशा अंत्यसंस्कारांची संख्या 2,097 निघाली. खालरांच्या हत्येबद्दल पोलिसांना झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली कायम केली. ज्या दलाला जाब विचारणारा कोणी उरत नाही, त्या दलात मारेकरी शिरला काय आणि अत्याचारी माजला काय, दोघांनाही एकच अंधार उपयोगी पडतो.

मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था निर्माण झाली आणि देशाच्या बंदोबस्ताचे स्वरूप पालटले. चंदीगडला लावलेला ‘अशांत क्षेत्र’ हा शिक्का मात्र पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने पुसून टाकेपर्यंत 2012 साल आले होते. शांतता नांदू लागल्यानंतरही कित्येक वर्षे तो दफ्तरात राहिला होता. 2022 च्या मे महिन्यात शेजारच्या मोहालीत पोलिसांच्या गुप्तवार्ता मुख्यालयावर अग्निबाण डागला गेला, 2024 च्या सप्टेंबरमध्ये चंदीगडच्या सेक्टर 10 मधील एका घरावर हातबाँब टाकला गेला, आणि 2025 च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री या शहराने भोंगे आणि अंधार दोन्ही अनुभवले. तेव्हा धोका सरला असे कोणी म्हणू नये.

परंतु या साऱ्याचा निष्कर्ष अधिक तारा आणि अधिक कॅमेरे एवढाच काढणे हा इतिहासाचा अपमान होईल. 1984 ची हत्या, 1986 चा जालंधरचा हल्ला आणि 1995 चा स्फोट या तिन्ही वेळी घात गणवेशातून आला. म्हणून पहारेकऱ्याची पारख, तुरुंगाची रोजची झडती, चिकाटीचा तपास आणि पोलिसालाही न्यायासनापुढे उभा करणारा कायदा, हीच राष्ट्ररक्षणाची खरी तटबंदी होय. ज्या सरकारला नागरिकांकडून सावधानतेची अपेक्षा आहे, त्याने आपल्या खाकीचा हिशोब नागरिकांपुढे नियमाने ठेवावा.