बाळ सांभाळायला मावशी ठेवताना

गंगाखेडात आता नवरा शाळेत, बायको बँकेत अशी घरं पुष्कळ झाली आहेत. आजी गावाकडचं शेत सोडून यायला तयार नसते. मग बाळासाठी मावशीची चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न असतो, "किती घ्याल?" खरं तर हा प्रश्न आपण सगळ्यात शेवटी विचारावा.

आधी काम ठरवू. बाळाला भरवणं, आंघोळ घालणं, झोपवणं, त्याची दुपटी धुणं हे बाळाचं काम. घरची धुणीभांडी, पोळ्या, पाहुण्यांचा चहा हे वरकाम. दोन्ही हवी असतील तर तसं पहिल्याच दिवशी सांगावं आणि वरकामाचे पैसे वेगळे धरावेत. सगळ्यात जास्त बिनसतं ते इथेच. "बाळ झोपलंय, तेवढी दोन भांडी घासून टाका" असं सुरू होतं, दोन-तीन महिन्यांत ती भांडी रोजची होतात आणि पगार मात्र तोच राहतो. मावशी भांडत नाही, एके दिवशी यायची बंद होते. आपण म्हणतो, हल्ली बायका टिकत नाहीत.

मग वेळ. आपण परभणीला नोकरीला जात असाल तर परतीची गाडी उशिरा आली की मावशी अडकते. तिच्याही घरी चूल पेटायची असते. ठरलेल्या वेळेनंतरच्या प्रत्येक तासाचे पैसे किती, हे आधीच बोलून ठेवावं.

आता पगार. शेजारी किती देतात यापेक्षा गावात बाईला शेतात रोज किती मिळतो, ते विचारावं. समजा 8 तासांचा रोज 300 रुपये आहे. मावशी 10 तास थांबणार असेल तर त्याच दराने 375 रुपये होतात. महिन्याचे 26 दिवस धरले तर 9,750. हा झाला निव्वळ मजुरीचा हिशेब, लेकराच्या जोखमीचं त्यात अजून काही धरलेलं नाही. "बसून तर राहायचंय" असं म्हणणाऱ्याने रांगत्या पोरामागे एक दुपार काढून पाहावी.

सुट्टी आठवड्याला एक, आणि सणांच्या वेगळ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011 च्या घरकामगार करारात आठवड्याला सलग 24 तास विश्रांती सांगितली आहे. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही, पण आपल्याला घरात तेवढं पाळायला कुणाची मंजुरी लागत नाही. आपण दिवाळीत आठ दिवस गावी गेलो तर त्या दिवसांचा पगार कापू नये. मावशीने दांडी मारलेली नसते, कुलूप आपण लावलेलं असतं.

उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, हा आपल्या तालुक्यातला नाजूक विषय. ऊसतोडीला जाणारी घरं मुकादमाची उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत अख्खं कुटुंब बांधलं जातं. मावशीने अडीनडीला पैसे मागितले तर द्यावेत, पण दरमहा किती कापायचे ते दोघांच्याही वहीत लिहावं. पूर्ण पगार उचलीत वळता करू नये. दिवाळीनंतर ती तोडीला जाणार आहे का, हेही आधी विचारावं, नाहीतर ऐन हंगामात आपली धावपळ होते.

वयाकडे लक्ष द्यावं. जनाबाई लहानपणीच गंगाखेडहून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला गेल्या, असं परंपरा सांगते. आज 14 वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे. "शिकवू, कपडालत्ता करू" म्हटल्याने तो माफ होत नाही. तान्ह्या बाळासाठी तर जाणती बाईच हवी.

शेवटी नोंदणी. राज्यात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं. 18 ते 60 वयाच्या घरकामगाराला त्यात नाव नोंदवता येतं. प्रसूती, आजारपण, मुलांचं शिक्षण यांसाठी मदतीची तरतूद त्या कायद्यात आहे. त्यासाठी मालकाचा दाखला लागतो आणि घोडं बहुतेक तिथेच अडतं, कारण सही केली की काहीतरी अंगावर येईल अशी भीती मालकाला वाटते. "ही बाई माझ्याकडे काम करते" एवढंच त्यात लिहायचं असतं. मावशीला परभणीच्या कामगार कार्यालयात जायला एक दिवस भरपगारी सुट्टी द्यावी, आणि दाखला आदल्या दिवशीच तिच्या हातात ठेवावा.