लग्न एक, पासपोर्ट दोन

‘नवरा जर्मन आहे ना, मग तिकडे जायला तुला कसली अडचण?’ परदेशी माणसाशी लग्न ठरलेल्या मुलीला हे घरोघरी ऐकवलं जातं. तर्क सरळ वाटतो, पण कायदा नेमका उलटा आहे.

जर्मन नागरिकाशी लग्न केलेल्या भारतीय मुलीला जर्मनीत राहायला जाण्याआधी सर्वसाधारणपणे जर्मन भाषेची ए-१ परीक्षा द्यावी लागते. तिच्या मैत्रिणीने फ्रेंच माणसाशी लग्न केलं आणि तो नोकरीसाठी म्युनिकला निघाला, तर मैत्रिणीला ही परीक्षा लागत नाही. युरोपीय युनियनचा २००४ चा निर्देश सांगतो, की युनियनचा नागरिक स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात कामाला गेला, तर त्याच्या जोडीदारालाही तिथे राहण्याचा आणि नोकरी करण्याचा हक्क आहे. तो मायदेशीच राहिला, तर मात्र त्या देशाचे स्वतःचे नियम लागतात, आणि ते बहुधा जास्त कडक असतात. म्हणून जोडीदाराचा पासपोर्ट कोणता, एवढंच विचारून भागत नाही. तो पासपोर्ट घेऊन कुठे राहायला जायचं, हे त्याहून महत्त्वाचं.

गोव्यातल्या अनेक कुटुंबांनी हा फरक अनुभवला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. त्यामुळे एकाच वाड्यावर वाढलेल्या नवरा-बायकोत एक पोर्तुगीज आणि एक भारतीय, असं घडतं. ब्रेक्झिटआधी अशी कितीतरी जोडपी इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनला स्थायिक झाली. २०१२ पासून ब्रिटिश नागरिकाला परदेशी बायकोला आणायचं, तर वर्षाला किमान १८,६०० पौंड उत्पन्न दाखवावं लागे. पोर्तुगीज पासपोर्टवर नोकरीला आलेल्या गोवेकराला ही अट नव्हती. नव्याने जाणाऱ्यांसाठी २०२१ च्या पहिल्या दिवसापासून ती वाट बंद झाली. ब्रिटनच्या जोडीदार-व्हिसासाठी उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर गेली. तरीही ‘पोर्तुगीज पासपोर्ट आहे ना, मग इंग्लंड आपलंच’ असं सांगणारे एजंट भेटतात. त्यांच्या भरवशावर घर विकून कुणी निघू नये, असं मला कळकळीने वाटतं.

मायदेशी परतणाऱ्यांसाठी युरोपात एक मार्ग आहे आणि त्याला एका भारतीयाचं नाव आहे. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला ब्रिटिश मुलीशी लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग व्यवसायासाठी ते इंग्लंडला परतले. पुढे त्यांच्या तिथल्या वास्तव्यावरून वाद झाला. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की दुसऱ्या सदस्य देशात काम करून नागरिक मायदेशी परततो, तेव्हा जोडीदाराला युरोपीय कायद्याचं संरक्षण मिळत राहतं. ब्रिटन बाहेर पडलं, पण युनियनच्या देशांत हे तत्त्व आजही चालतं. त्यासाठी दुसऱ्या देशात खरोखर बिऱ्हाड करावं लागतं. महिनाभर फिरून आल्याने भागत नाही.

दुसरी समजूत: लग्न झालं की तिकडचं नागरिकत्व मिळतं आणि इकडचं जातं. दोन्ही चूक. युरोपीय निर्देशाने मिळतं ते रहिवासी कार्ड, साधारण पाच वर्षांचं. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं, तर ते आधी दोन वर्षांपुरतं सशर्त असतं. भारताचं नागरिकत्व परदेशी माणसाशी लग्न केल्याने जात नाही. ते जातं, आपण स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की. उलट बाजूने, भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशाचे नागरिक यातून वगळले आहेत. हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यावर मतदान करता येत नाही. आणि घटस्फोट झाला, तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्डही टिकत नाही.

घटस्फोटाबद्दल लग्नाच्या धामधुमीत कुणी बोलत नाही; मी बोलणार. संसार मोडला की दुसऱ्या दिवशी देश सोडावा लागतो, ही भीती अनेकींना नको त्या घरात डांबून ठेवते. युरोपीय निर्देशानुसार घटस्फोटाची कारवाई सुरू होण्याआधी लग्न किमान तीन वर्षं टिकलेलं असेल आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलेलं असेल, तर जोडीदाराला राहता येतं. घरात हिंसाचार झाला असेल, तर ही मुदतही अडवत नाही.

पण एक खाच आहे. आयर्लंडमधल्या कुलदीप सिंग यांच्या खटल्यात २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की युरोपीय जोडीदार कारवाई सुरू होण्याआधीच देश सोडून गेला, तर मागे राहिलेल्याला या कलमाचा आधार मिळत नाही. म्हणजे नवरा बॅग भरून आधी निघून गेला आणि अर्ज नंतर दाखल झाला, तर एवढ्या वर्षांचा संसार हिशेबात येत नाही. म्हणून बिनसतंय असं दिसलं, की तिथल्या वकिलाला लगेच गाठावं. कायमच्या वास्तव्याचा हक्क पाच वर्षांनी मिळतो. त्याआधी घटस्फोट झाला, तर स्वतःची नोकरी किंवा पुरेसं उत्पन्न आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. भाडेकरार, पगाराच्या पावत्या आणि बँक खातं पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या नावावर हवं, ते याचसाठी.